जांभळ्यापुढची दोन बोटं

१२ फेब्रुवारी १९६२, सोमवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

या मिनिटाला मला खुळी ठरवण्यात आलं. लेखी!

मोतीबिंदू काढलेल्या उजव्या डोळ्याची तपासणी होती. मी सांगितलं — लोलकातून भिंतीवर रंगांचा पट्टा पाडला, की या डोळ्याला जांभळ्यापुढेही दोन बोटं रंग दिसतो. फिकट, निळसर. डाव्याला दिसत नाही. डॉक्टरीणबाई हसली. ही सत्यशीला, माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "बाई, जांभळ्यापुढे डोळ्याला काही दिसत नाही. तुम्हीच शिकवलंत." आणि कागदावर लिहिलं : वयोमानाने भ्रम. चित्त शांत होईपर्यंत डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया तहकूब.

शांत! मी! मग डावा डोळा तसाच सरणावर जाणार.

१३ फेब्रुवारी

वरणात मीठ दोनदा पडलं. तोही भ्रमच असेल.

१६ फेब्रुवारी

लोलक काढला. कॉन्व्हेंट सोडताना मदरनी दिलेला. देवाने सात रंग मोजून दिले, असं त्या सांगत. मी देव सोडला, सात तेवढे ठेवले.

झरोक्याचं ऊन घेतलं, भिंतीवर कागद लावला. शेजारचा शब्बीर घड्याळं दुरुस्त करतो, केसाएवढी स्प्रिंग त्याला दिसते. त्याला म्हटलं, रंग संपतो तिथे रेघ मार. जांभळ्यावर मारली. कागद बदलला. मग लालीबाई. आर्णीकडच्या तांड्यावरची, माझ्याच दिवशी तिचाही मोतीबिंदू काढला, आठ दिवस शेजारच्या खाटेवर घोरली. बाजाराला आली होती. तिला काहीच सांगितलं नव्हतं. लाल टोकं जुळवून कागद एकावर एक धरले — तिची रेघ दोन बोटं पुढे! शब्बीर म्हणाला, तिथे काही नाही.

"काहून रे, तुले दिसून नाही राह्यलं काय? एवढा उजेड सांडला हाये."

१७ फेब्रुवारी

सत्यशीलेला पत्र लिहिलं. सोबत दोन्ही कागद. मोतीबिंदूसोबत डोळ्यातलं भिंग काढलेल्या दोन बायकांना नेमका दोनच बोटांचा भ्रम कसा होतो, ते कळवावे.

१८ फेब्रुवारी

पाकिटाला डिंक लावताना आठवलं. १९३४. पाचवीतली सत्यशीला भिंतीशी उभी : "बाई, जांभळा अजून पुढे जातो." मी म्हटलं होतं, मला दिसत नाही म्हणजे नाही. तासभर बाकावर उभी केली होती तिला.

पत्राखाली वाढवलं : तुझं तेव्हा बरोबर असेल, पोरवयात भिंग स्वच्छ असतं. माझं चुकलं. तरी 'भ्रम' खोडून डाव्या डोळ्याची तारीख दे — लेखी, २८ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत.