चौथ्या फळीची खाच

९ मार्च २०२५, न्हावरे

आंब्याची फळी बसली न्हाई! कपाटाच्या बाजूला खाच अठरा मिलिमीटरची मारली, फळी निघाली साडेसतरा. हलती नुसती. एवढी वर्षं सणसवाडीत प्लायची कपाटं केली त्याचं हे फळ. प्लायला राउटर, म्हंजी खाच मारायचं मशीन, एकदा लावला की दिवसभर डोळे झाकून खाचा मारायच्या. घरोघरचं लाकूड असं ऐकत न्हाई. एक फळी जाड, एक रोड, एक मधीच फुगलेली.

सत्तावीस एप्रिलला पुण्यानुमोदन. माझ्या भाग्यश्रीला जाऊन वर्ष होईल. डेंग्यूचं निमित्त, चार दिवसांत गेली पोरगी. जेवणावळी नकोत, विहारातल्या अभ्यासिकेला पुस्तकांचं कपाट देऊ – मीच बोललो. तर गणगोतानं घरटी एक फळी आणून दिली. गिताबाईनं अंगणातला कडुनिंब, भैरूनं बांधावरची बाभूळ, थोरल्या मामांनी आंबा. "पोरगी समद्यांचीच हुती की," म्हणाले.

माझी बायको करुणा मात्र ह्यात पडली न्हाई. वर्षभर ती रडलीबी न्हाई.

१२ मार्च

कोंडिबा सुताराकडं गेलो. म्हातारा हसला. "अरं प्लायवाल्या, आधी खाच मारून मग फळी शोधतूस व्हय?"

चुकलंच माझं. राउटर गुंडाळून ठेवला. आता फळी जागेवर उभी धरायची, दोन्ही कडा पेन्सिलीनं आखायच्या, रेषेच्या आतून करवत, मधलं पटाशीनं काढायचं. आंब्यासाठी कपाटाच्या उभ्या बाजू उलटवून नवी खाच काढली. आंबा मऊ, ठोकला की कड चेपती. हातानंच दाबत दाबत बसवला.

१६ मार्च

बाभूळ! दोनदा पटाशीची धार घालवली. पण बसली. मधी कुठं उजेड दिसत न्हाई. भैरू म्हणाला, "दादा, आता काढून दाखव बरं." दोघांनी ओढली, निघंना! आम्ही खूप हसलो. हसलो म्हणून मग रात्री जेवण गेलं न्हाई.

२३ मार्च

करुणा कांदे काढायला गेली होती. मी पोरीच्या टेबलाचं माप घेतलं.

दहावी झाली तवा मीच केलेलं टेबल. शिरूरहून जुन्या दाराचं सागवान आणलं होतं. वर शाईचा डाग हाय, चहाच्या कपाचं गोल हाय, आन् कडेनं सगळीकडं टोचे. गणित अडलं की कंपासचं टोक टोचत बसायची. किती ओरडायचो मी!

सगळ्यांच्या घरची फळी त्या कपाटात, आन् तिची नको? टेबलाची वरची फळी काढून चौथा कप्पा करायचा. खाच आजच कोरली. करुणाला विचारलं न्हाई.

२४ मार्च

एवढी सुरेख खाच जन्मात निघाली न्हवती.

२ एप्रिल

कडुनिंब ढिला झाला. ओला कापलेला, उन्हानं आटला. बसवताना लाकडी हातोडी लागली होती, आता बोटानं सरकतोय. गिताबाईचं तोंड उतरलं, "माझीच फळी कच्ची निघाली का रं?" न्हाई म्हटलं मावशी, घाई माझीच. कडेला पातळ पट्टी चिकटवली, रंधा मारला, पुन्हा बसवली. आता ठीक हाय.

६ एप्रिल

व्हायचं ते झालं. करुणा कपाटापाशी आली. "फळ्या तीन. मग ही खाच कुणाची?"

मी भुसा झाडत राहिलो.

तिनं खाचेत बोट घातलं. तसंच उठून टेबलाकडं गेली, कडेवर तेच बोट ठेवलं. कळलं तिला.

"माप कवा घेतलं?"

"तू कांद्याला गेलतीस तवा."

"माझ्या माघारी. तिरडीचं घेत्यात तसं."



७ एप्रिल

करुणा ताट वाढती, आन् जाऊन टेबलापाशी बसती.

१९ एप्रिल

उरलेली बाभूळ त्या खाचेत घालून बघितली. खडखडती. पट्टी लावून बसवता आली असती. हात वळला न्हाई. ती खाच मी दुसऱ्या कशासाठी कोरलीच न्हवती.

२७ एप्रिल

पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, लोक बरेच होते, पुस्तकंबी आणली लोकांनी. कपाटाचं कौतुक झालं. अभ्यासिकेत येणाऱ्या अनिताची आई म्हणाली, "इथली एक फळी राहिली वाटतं?"

मी तोंड उघडायच्या आत करुणा बोलली, "राहिली."

पोरी, मला तुझी फार आठवण येती. कुणापुढं म्हणता येत न्हाई.

२ मे

सकाळी करुणानं टेबलावरचं सगळं उचलून ट्रंकेत ठेवलं. पदरानं टेबल पुसलं. "न्या."

मी स्क्रू काढायला पेचकस आणला, तर अंगावर आली. "फोडायचं न्हाई! आख्खं न्या. टेबल हाय ते, टेबलच राहू द्या."

हे मला का सुचलं न्हाई? मला नुसत्या फळ्याच दिसत होत्या. भैरूच्या टेम्पोत घालून नेलं. अभ्यासिकेत कपाटाशेजारी ठेवलं. घरातला कोपरा आता बघवत न्हाई.

६ मे

संध्याकाळी दोघं विहारात गेलो. टेबलावर अनिता गणितं करत होती. अडलं असावं – कंपासचं टोक फळीत टोचत बसली होती. मी ओरडणार, तर करुणानं माझा हात धरला.

"टोचू द्या तिला."

बाहेर आली, पायरीवर बसली आन् मोठ्यानं रडली. मीबी शेजारी बसलो.