पेडलवरचा आईचा पाय

आबा, तुमची गाडी मी खोलली. तुम्ही होतात तोवर तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नाहीत. गॅरेजवाल्याची गाडी दुसऱ्याच्या गॅरेजात दिसली तर नंदुरबारभर हसं होईल, म्हणायचात. तुम्हाला अजून ‘तुम्ही’ म्हणते ती जिभेची सवय आहे, मान समजू नका. तुमच्या गॅरेजच्या जागी आता माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि मागच्या शेडमध्ये तुमची गाडी इतकी वर्षं जागा अडवून बसली होती. विकून टाकावी म्हणून चालू करून घेतली. लोणखेड्याचा एक शेतकरी बघायला आला, बाजारापर्यंत चालवून आणली आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाला, “ताई, पेडल मऊ शे. दोनदा मारं तव्हय ब्रेक धरस.” तो गेला आणि मला तुमचा आवाज ऐकू यायला लागला.

तो आवाज चाकाखालून यायचा. तुम्ही जमिनीवर पाठ टेकून आडवे, आई ड्रायव्हरच्या सीटवर लुगडं सावरून बसलेली. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल मऊ पडतं; ती काढायला तिनं पेडल दाबून धरायचं, तुम्ही चाकामागच्या निपलची बारीक तोटी सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर सोडायची, निपल आवळायचं, आणि ‘सोड’ म्हणाल तेव्हाच तिनं पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत ओढली जाते. एवढं साधं काम, पण आपल्या घरात ते कधी शांतपणे झालं नाही. सगळं झाल्यावर तुम्ही पेडल दाबून बघायचात, ते पुन्हा मऊच, आणि मग सुरू व्हायचात. “तू पाय पहिलेच उचली लेस, म्हनीसन हवा जास. तुन्हा पायमा दमच नही.” आई म्हणायची, मी उचला नव्हता. पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली. दिवसभर पायानं शिलाई मशीन चालवून सगळ्या गल्लीची पोलकी शिवणारी बाई, तिच्या पायात दम नाही हे कुणाला पटेल? तिला पटलं. तुम्ही पटवलंत.

मग खापर गावच्या बाजाराचा तो दिवस. आदल्या संध्याकाळीच हवा काढली होती. परतताना उतारावर तुम्ही पेडल दाबलंत, ते सरळ खाली गेलं, दुसऱ्यांदा मारायला वेळ मिळाला नाही आणि गाडी रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर बसली. माझं कोपर मोडलं. तुम्हाला साधं खरचटलंही नाही. दवाखान्यात मामा, काकू, सगळे जमले होते आणि तुम्ही त्या सगळ्यांसमोर आईकडे बोट करून म्हणालात, हिनं काल पाय उचलला म्हणून झालं. आईनं मान खाली घातली. त्या महिन्यात तिनं मशीन देऊन टाकली. माझा हात आजही पुरता सरळ होत नाही आणि थंडी पडली की ती तेलाची वाटी घेऊन येते, “हात दुखी ऱ्हायना का?” विचारते आणि चोळत बसते. ती कोपर चोळत नाही, आबा, गुन्हा चोळते. तुम्ही तिच्या माथी मारलेला.

म्हणून मी हट्टानं शोधायला बसले. आधी चारही चाकांपाशी गळती बघितली, कुठे ओल नव्हती. पेडलवर बराच वेळ पाय रोवून ठेवला, ते हळूहळू खाली बसलं नाही, म्हणजे तेल ढकलणारा मास्टर सिलेंडर ठीक होता. दोनदा मारल्यावर पेडल वर येतं, म्हणजे हवाच. नवं ऑइल भरलं, शेजारच्या दुकानदाराला सीटवर बसवून हवा काढली. तरी मऊ. त्याच्या पायात तरी दम होता ना? मग टॉर्च घेऊन खाली शिरले आणि दिसलं. पुढच्या दोन्ही चाकांचं निपल खालच्या अंगाला होतं. तुम्ही ब्रेकचे चिमटे, निपल ज्यांच्यावर असतं ते कॅलिपर, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे असे बसवले होते. हवा वर कोंडलेली आणि तिला जायची वाट खाली. वर्षभर पेडल दाबलं असतं तरी ती निघाली नसती. गिऱ्हाइकाच्या गाडीचे डावे-उजवे पार्ट तुम्ही वेगवेगळ्या गोणपाटांवर मांडायचात. हवा वर जाते, निपल वर पाहिजे, हे मला तुम्हीच शिकवलंत. आणि घरच्या गाडीखाली आडवं पडून, खालचं निपल स्वतःच्या हातानं उघडत, तुम्ही आईला शिव्या घालत होतात.

कॅलिपर अदलाबदल केले आणि पेडल दाबायला मुद्दाम आईला बोलावलं. ती शेडच्या दारातच थांबली. “मन्हा पाय कच्चा शे, दुसरा कोनले बलाव.” मी ऐकलं नाही, हात धरून बसवली. बुडबुडे निघाले, मग निव्वळ तेल आलं. शेवटचं निपल आवळून मी बाहेर आले, हात पुसले, पाने गोळा केले, गाडीच्या तिच्या बाजूच्या दारापाशी गेले तर तिचा पाय अजून पेडलवर. दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरलेला.

“सोड ना व माय आता.”

“तू सांगं नही ना,” ती म्हणाली.

मला रडू आलं आणि तुमचा इतका राग आला की समोर असतात तर हातातला पाना फेकून मारला असता. पेडल दगडासारखं घट्ट होतं. मी तिला सगळं दाखवलं, निपल कुठे होतं, हवा कुठे होती, आणि तुझ्या पायाचा काही दोष नव्हता, कधीच नव्हता, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं खाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग विचारलं, “तुन्हा आबाले माहीत व्हतं का?”

“नही व माय,” मी म्हणाले, “त्यासले माहीत नव्हतं.”

हे तिच्यासाठी म्हणाले. तुमच्यावर उपकार म्हणून नाही. मला वाटतं तुम्हाला माहीत होतं, निदान त्या मोरीनंतर तरी. माफ मी केलेलं नाही आणि करणारही नाही. तुम्हाला हे वाचता येणार नाही, म्हणून एवढं एक लिहिते. आईला ‘नही’ म्हणताना, ते खरं निघावं असं मलाही वाटलं.