आपण स्टाफ आहोत

अवोन्डेल, ऑकलंड
सोमवार, सकाळ (धुकं)

विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर मिरवणारे चालक, माझे मित्र श्री. पांडुरंग यांस, आळेफाट्याच्या कंट्रोल केबिनमधल्या गुरुनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

पांडोबा, कंबर कशी आहे? वहिनींची शुगर? आम्ही इकडे ठणठणीत. वासंती दर रविवारी इथल्या बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करते आणि समोरची टोंगा बेटांवरची बाई हसत हसत तिला वर कोथिंबीर घालते (दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, म्हणूनच जमतं). मी दारात जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपरा, सरकवून उभा राहतो. हिवाळा आहे. सकाळी असं धुकं पडतं की कोपऱ्यावरची डेअरी (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, का ते विचारू नकोस) दिसतच नाही, नुसती तिची पाटी हवेत तरंगते. मी चहा घेऊन खिडकीत बसतो आणि वाटतं, आता यातून पिवळे दिवे लावून कल्याण गाडी येईल आणि तू हात बाहेर काढून म्हणशील, कंट्रोलर, चहा सांगा. मग वासंती म्हणते, तुमचा गार झाला.

आता एक कबुली देतो, रागावू नकोस. आमची श्रिया विमानतळावर ऑफिसात आहे, असं मी सगळ्या डेपोला सांगत आलो. त्यातलं विमानतळ खरं आहे. ती पायलट आहे, सहा वर्षं झाली. तुला माझा स्वभाव ठाऊक. तीस वर्षं गाड्या सोडल्या; माळशेजात धुकं असलं की मुरबाडहून 'गाडी पोचली' असा फोन येईपर्यंत मी डबा उघडला नाही. वाट बघायच्या त्या यादीत पोटच्या पोरीचं नाव घालायला हात धजेना, बाबा. तिच्या विमानात मी एकदाही बसलेलो नाही. दरवेळी गुडघा दुखतो असं सांगतो. (गुडघा उत्तम आहे.) वासंती अकरा वेळा बसली. बसते आणि झोपते.

तर गेल्या गुरुवारी काय झालं ते ऐक. श्रियाला नव्या, मोठ्या कंपनीत लागून नऊ दिवस झाले होते. शेवटची चाचणी वेलिंग्टनला, दुपारी अडीचला. ती हुकली तर तीन महिने घरी बसायचं. मला म्हणाली, बाबा, तुम्हीही चला, समुद्र बघा. विमान दुसरंच कोणी चालवणार होतं, त्यामुळे माझा गुडघा लगेच बरा झाला. विमानतळावर पोचतो तर धुक्यापायी आमचं विमान रद्द. पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं, आणि त्यात एकच सीट. माझे पांढरे केस बघून ती मला दिली. श्रियासाठी उरली जंपसीट.

जंपसीट म्हणजे दोन्ही पायलटांच्या मागे असलेली घडीची खुर्ची. (उडी मारावी लागत नाही, मी विचारून घेतलं.) दुसऱ्या कंपनीचा पायलट असला तरी त्याला तिथे बसता येतं, पण आधी ओळख पटवायची आणि मग कॅप्टनची परवानगी घ्यायची. गेटवरच्या बाईने हसून 'किआ ओरा' (इथला नमस्कार) म्हटलं, लायसन्स बघितलं, कंपनीचं कार्ड बघितलं आणि कॉम्प्युटरमध्ये बघितल्यावर तिचं हसू मावळलं. नऊ दिवसांची नोकरी, नाव अजून यादीत चढलेलं नव्हतं. तिने श्रियाच्या कंपनीला फोन लावला. तिकडून कोणी बोलेना, 'थांबा' म्हणून लावतात ती गाणी नुसती वाजत होती आणि घड्याळ काही थांबत नव्हतं. श्रियाने एकदाच माझ्याकडे बघितलं. लहानपणी रिझल्टच्या दिवशी बघायची तशी.

मग मला राहवेना. आपण काय करायचो? सांगलीची गाडी असो नाहीतर जळगावची, कंडक्टर समोर आला की एकच शब्द, स्टाफ. त्याने मान डोलवायची, ड्रायव्हरशेजारच्या बाकावरची पिशवी उचलायची, की झाली जागा. बापाचं नाव कोणी विचारत नसे. मी उठलो, काउंटरवर कोपर टेकलं आणि खालच्या आवाजात म्हणालो, स्टाफ. बाईला काही बोध झाला नाही. मी श्रियाकडे बोट केलं, मग स्वतःकडे, म्हटलं डॉटर स्टाफ, फादर ऑल्सो स्टाफ. आणि पाकिटातून माझा एसटीचा जुना पास काढला (त्यातला माझ्या मिशांचा फोटो तुला आठवत असेल). तिने तो दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट वाचला, आणि विचारलं, ही कुठली एअरलाइन? मी म्हटलं, स्टेट ट्रान्सपोर्ट. पांडोबा, ती माउली तेही कॉम्प्युटरमध्ये शोधायला लागली! श्रिया दातांवर दात ठेवून म्हणाली, बाबा, प्लीज. अगदी आईचा आवाज.

तेवढ्यात कॅप्टनच बाहेर आला. उंच, माझ्याच वयाकडे झुकलेला, हातात कॉफीचा मग. त्याने पास बघितला, मला विचारलं की तुम्ही काय चालवायचा. मी म्हटलं, काहीच नाही. मी घाटात गाड्या सोडायचो आणि त्या पोचेपर्यंत वाट बघायचो. त्याने पास माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, ते जास्त अवघड, हीप्स हार्डर. इतक्या वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं, तूसुद्धा नाही. तेवढ्यात फोनवरची गाणी थांबली, पलीकडच्या माणसाने नाव आणि लायसन्सचा नंबर पटवला, कॅप्टन 'स्वीट ॲज' (म्हणजे आपलं झकास) म्हणाला आणि पोरीला आत घेऊन गेला. माझ्या पासाचा काडीचाही उपयोग झाला नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो.

मी चौदा नंबरच्या रांगेत खिडकीशी. विमान धुक्यातून वर निघालं आणि एकदम ऊन. खाली पिंजलेल्या कापसासारखे ढग, रस्ता नाही, गाव नाही, आणि उजव्या हाताला तारानाकीचा पांढरा डोंगर एकटाच डोकं वर काढून बसलेला. वाटलं, हा श्रियाला माझ्याआधी दिसला असेल. मग डोळा लागला. स्वप्नात तुझी लाल गाडी ढगांवरून चालली होती, खड्डा नाही, हॉर्न नाही, आणि इंजिनाच्या झाकणावर घोंगडी टाकून सात वर्षांची श्रिया बसली होती. आठवतं? तू तिला तशीच मुरबाडपर्यंत नेली होतीस, आणि नियम मोडला म्हणून मी तुझ्याशी आठ दिवस बोललो नव्हतो. उतरल्यावर श्रिया म्हणाली, कॅप्टनने विचारलं, समोरच्या काचेतून रस्ता पहिल्यांदा कधी बघितलास? तिने तुझं नाव सांगितलं. त्या आठ दिवसांबद्दल आज माफी मागतो.

चाचणी पास झाली. वेलिंग्टनच्या वाऱ्याने माझी टोपी नेली. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
गुरुनाथ

ता. क. : डेपोच्या ग्रुपवर मी पासाचा फोटो टाकून 'न्यूझीलंडमध्येही चालला' असं लिहिलं आहे. कृपा करून तिथे खुलासा करू नकोस.

ता. क. दोन : हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच. येत्या बुधवारी दुपारी दोनला ऑकलंडहून नेल्सनला श्रियाची नव्या कंपनीतली पहिली फेरी आहे. मी तिकीट काढलं आहे. वासंतीला म्हटलं, या खेपेला तू घरी थांबून वाट बघ, तर म्हणाली, मला नाही जमत ते काम, आणि तिनेही तिकीट काढलं. म्हणजे कंट्रोल केबिनमध्ये वाट बघायला कोणीच नाही. तेव्हा तुझ्या घड्याळात सकाळी साडेसातला फोनजवळ बस. नऊच्या आत मी फोन करीन. 'गाडी पोचली' म्हणेपर्यंत न्याहारी करू नकोस.