डेमो झाला की विचारीन

3 सप्टेंबर, सकाळी 9

नवी वही. आता रोज लिहीन. पुढं माही मुलाखत झाली तं तारखा हाताशी पाह्यजेत.

पुण्याची नोकरी सोडून चौदा महिने झाले. पांढरकवड्यात हायवेले लागून रहमतभाईच्या गॅरेजवर खोली. खाली ट्रक दुरुस्त होतात, वर गेम बनते. गेमचं नाव 'लदेणी'. आपले खापरपणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, ती लदेणी. दहा हजार बैलांचा तांडा, अन् खेळणारा त्याचा नायक. बंजाऱ्यांवर अशी गेम मले तरी कुठं दिसली नाई. दिवाळीले डेमो.

डेमो झाला की उज्ज्वलाले विचारीन. धनसिंगकाकाची पोरगी, आमच्याच तांड्यातली. ते पवार, आमी राठोड, त्याच्यानं कुळाची अडचण नाई. तहसीलपाशी टायपिंग सेंटरवर कामाले येते, अन् गेमची चित्रं काढून देते. पोरीले रिकाम्या हातानं कसं विचारावं? हातात काही तरी पाह्यजे न.

9 सप्टेंबर

बैल चालते, पण मागं. रहमतभाई वर आले, पाहून म्हणे, बेटा, रिव्हर्स गिअर पड गया. मी म्हणलं, हे कोडिंग हाये, गिअरबॉक्स नोहे. हसत हसत गेले. जुना माणूस, त्याईले काय समजते.

दहा हजार बैल लॅपटॉपले झेपत नाई. तीनशे करतो. लहान तांडेही असतीनच की इतिहासात.

22 सप्टेंबर

आज काम नाई, रिसर्च. मासे पकडाची एक गेम हाये, तिचा अभ्यास चालू. एकसष्ट तास झाले. उज्ज्वला आली, म्हणे, लदेणीत मासे कुठून आले? मी म्हणलं, तुले डिझाइन समजत नाई. बैलांच्या शिंगाचे गोंडे कागदावर काढून आणले होते तिनं, एकेक कवडी मोजून घ्या असे. भल्ले सुरेख. सांगाचं राह्यलं.

वाचन: गेम डिझाइनचं इंग्रजी पुस्तक. सातशे पानं. पान 14. खोल पुस्तक हाये, घाई करून चालत नाई.

23 ऑक्टोबर

दिवाळीत शहाणा माणूस गेम काढत नाई. मोठ्या कंपन्यांची गर्दी राह्यते. संक्रांतीले काढू. बैल आता चाळीस.

तांड्यात गेलतो. उज्ज्वला हातपंपावर भेटली. म्हणे, तुही गेम नेमकी कधी होईन? एक तारीख सांग. मी पूर्ण रोडमॅप समजावून सांगतला, अर्धा तास. भरलेली गुंडी डोक्यावर घेऊन ती ऐकत होती. शेवटी म्हणे, अन् तोवर मी काय करू? मी म्हणलं, बाकीच्या बैलांच्या झुली काढून ठेव.

पोरीची गेमवर लय निष्ठा हाये. असा पार्टनर भेटाले नशीब लागते.

27 नोव्हेंबर, दुपारी

मोठी बातमी. धनसिंगकाका स्वतः खोलीवर आले! कधी येत नाईत. पाणी पिऊन म्हणे, तू कम्प्युटरचा माणूस, एक सांग. नागपूरले चव्हाणाचा एक पोरगा हाये, अमरसिंग. सॉफ्टवेअर टेस्टिंग का काय ते करते. असली नोकरी टिकते का? माणसं कशी राह्यतात?

माह्या लगेच ध्यानात आलं. आपल्या लोकाईची हे पद्धतच हाये, दुसऱ्याचं नाव घेतात अन् आपल्याले चाचपतात. कोनासाठी विचारता, हे म्या विचारलं नाई. बरं दिसत नाई ते. उलट त्या पोराच्या कंपनीची वेबसाइट उघडून दाखवली, त्याची माहिती काढली, पुण्यातल्या ओळखीच्या दोघाईले फोन लावला. म्हणलं, काका, टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या चुका धीरानं पाह्यणारा माणूस. नोकरी पक्की, डोकं थंड. डोळे झाकून हो म्हणा.

काकाच्या डोळ्यात पाणी आलं. जाताना माह्या डोक्यावर हात ठेवला. सासऱ्यावर छाप पडली.

18 डिसेंबर

तीन आठवडे झाले, उज्ज्वला खोलीवर आली नाई. सेंटरवर काम असन.

तांड्यातून माह्या मायनं, याडीनं, काळीपिवळीच्या ड्रायव्हरजवळ डबा पाठवला, संगं कागदाच्या पुडीत गूळ. सगळा खाल्ला. काय ताकद आली! बैलाचे पाय गुडघ्यापावतो जमिनीत रुतत होते, ते दीड तासात वर काढले. याडीले फोन करून म्हणलं, गूळ एक नंबर होता, अजून पाठव. ती म्हणे, खाल्ला का तू? बरं केलं बापा. अन् फोन ठेवला. तब्येत बरी नसन.

15 जानेवारी

संक्रांत गेली. होळीले नक्की. होळी म्हणजे आपल्या तांड्याचा मोठा सण, मुहूर्त म्हणूनही शोभते. बैल सात. कमी बैलात भावना जास्त येते, असं माहं मत होऊन राह्यलं.

शेवटची लेव्हल सुचली. तांड्यात लगन. नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून ढावलो म्हणते, म्हणजे सासरी जातानाचं रडत म्हणाचं गाणं. माह्या नोट्समध्ये हे सगळं पान नंबरसकट लिहून हाये. आवाज उज्ज्वलाचाच पाह्यजे. फोन केला. ढावलोच का, असं दोनदा विचारून हो म्हणे.

8 फेब्रुवारी

रेकॉर्डिंग झालं. पंखा बंद, दाराले गादी टेकवली. मी विचारलं, ढावलो येते का तुले? ती म्हणे, आता येते, तांड्यातली सुखीकाकी रोज संध्याकाळी शिकवून राह्यली. मी म्हणलं, वा! गेमसाठी एवढी मेहनत! तिनं माह्याकडं पाह्यलं.

मंग म्हणाले लागली. तिसऱ्या ओळीले खरंखुरं रडू फुटलं. हेडफोनमध्ये श्वास न् श्वास ऐकू येत होता. आई, बापू, घराचा उंबरा, सगळ्याईचे नावं घेऊन रडली. म्या अंगठा दाखवला, चालू ठेव म्हणून. एका टेकमध्ये ओके.

खाली ठोकाठोकी बंद झालती. रहमतभाई वर आले, म्हणे, बच्ची को क्या हुआ? मी म्हणलं, भाई, ॲक्टिंग हाये. ते माह्याकडं पाहत राह्यले, मंग तिच्यासाठी खालून पाणी घेऊन आले.

जिन्यावर ती थांबली. म्हणे, इंद्रजीत, तुले मले काही सांगाचं हाये का? मी म्हणलं, हाये न! पण आता नाई, डेमो झाल्यावर. होळीले. ती म्हणे, बरं.

दिवस मस्त गेला. पुस्तक: पान 14.

3 मार्च, होळी

बैल एक. पण चालते. पुढं चालते! डेमो झाला. लॅपटॉप पाठीवर टाकून तांड्यात गेलो. नवा शर्ट.

याडीनं दारातच विचारलं, कुठं चालला नटून? मी म्हणलं, उज्ज्वलाले डेमो दाखवतो, अन् मंग तुले एक बातमी देतो. याडी खालीच बसली. म्हणे, बावा, तिचं लगन 26 एप्रिलले हाये. नागपूरच्या चव्हाणाकडं. मी म्हणलं, कसं काय? मले काहून नाई सांगतलं? ती म्हणे, काय सांगू? तू तं गोळ खाल्ला.

सोयरीक पक्की झाली का तांड्यात गूळ वाटतात, त्यालेच गोळ खाणं म्हणतात. ज्यानं खाल्ला तो साक्षीदार, त्यानं मंग नाई म्हणाचं नसते. अन् पोरीले ढावलो शिकवतात तो सोयरीक झाल्यावरच. हे मले कोनी नवीन सांगतलं नाई. दोन्ही गोष्टी माह्या नोट्समध्ये हायेत. उज्ज्वलाले लागू होतीन, असं डोक्यातच आलं नाई.

याडी म्हणे, मले वाटलं तुले माहीत हाये, अन् तू मनावर दगड ठेवून खाल्ला. दिवसभर रडली ती त्या दिवशी.

6 मार्च

हिंमत सोडाची नाई. अजून पन्नास दिवस हायेत. धनसिंगकाकाले जाऊन सरळ सांगाचं ठरवलं. काय बोलाचं ते लिहून काढलं, चार मुद्दे.

काकानं बाजेवर बसवलं. मी पहिला मुद्दा काढाच्या आधी तेच म्हणे, इंद्रजीत, तुह्या भरवशावर पोरगी दिली बाप्पा. आमाले काय समजते त्या नोकऱ्यांतलं? तू म्हणला, डोळे झाकून हो म्हणा. म्हणलं.

उज्ज्वला चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणे, बापूनं पहिले मलेच विचारलं होतं. मी म्हणलं, इंद्रजीतले विचारून या. तो जे म्हणन ते मले मंजूर. एवढंच बोलली अन् आत गेली.

म्हणजे तिनं त्याईले माह्याकडं पाठवलं होतं. मी एक शब्द बोललो असतो तं झालं असतं. अन् म्या दोन फोन लावून त्या पोराची शिफारस केली.

काका म्हणे, तू काय सांगाले आलता? मी म्हणलं, लग्नात काही काम पडलं तं सांगा. चहा पिलो. चहा चांगला होता, ते बी सांगतलं.

20 मार्च

गेम बंद. कोडले हात लावणार नाई. पुण्याले अर्ज करतो.

21 मार्च

अर्ज उद्या.

26 एप्रिल

लगन झालं. पाण्याचे टँकर माह्याकडं होते. सकाळपासून तेच पाह्यलं.

निघताना ती एकेका बाईच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होती. माह्या याडीच्या गळ्यात सगळ्यात जास्त वेळ. मी दोन हातावर उभा होतो. आवाज तोच होता, मी त्याचा एकेक श्वास कानात घालून महिनाभर एडिट केला हाये. मंग माह्यासमोरून गेली अन् गाडीत बसली. जीव फाटला माहा. बाप मेला, त्याले मसणात नेलं तेव्हाही असं झालं नव्हतं.

अमरसिंगनं मुद्दाम येऊन हात मिळवला. म्हणे, काकांनी सांगितलं, तुम्ही माझ्याबद्दल चांगलं बोललात. त्यालेही गेमा आवडतात. म्हणे, तुमचा डेमो पाठवा, मी फुकट टेस्ट करून देतो, माझं कामच आहे ते. लय साधा माणूस हाये. त्याच्यात एक तरी खोट सापडन म्हणून मी जेवणापावतो पाहत राह्यलो.

17 मे, दुपारी 3

गेम बंदच, पण झाला तेवढा डेमो नेटवर टाकून पंधरा दिवस झाले. डाउनलोड एक.

आज अमरसिंगचा मेल आला. एकतीस मुद्दे, नंबर टाकून, फोटोसकट. मेहनत घेतली हाये. बैलाची सावली चुकीकडं पडते, नदीत मीठ भिजत नाही, वगैरे. वरतं लिहिलं हाये, गाणं फार छान, आवाज कोणाचा? उज्ज्वलाला ऐकवलं, ती म्हणे माहीत नाही.

एकतिसावा मुद्दा जसाच्या तसा उतरवतो. 'नवरी जाते. खेळणारा शेजारीच उभा आहे, पण कोणतंही बटण दाबलं तरी काही होत नाही. तो नुसता पाहत राहतो. खरं तर इथं त्याला काहीतरी बोलता आलं पाहिजे.'

वाचून जे रडू आलं ते आवरेच ना. खालून रहमतभाईनं आवाज दिला, क्या हुआ? मी म्हणलं, काही नाई भाई. या टायमाले ॲक्टिंग म्हणालेही सुचलं नाई.

तोंड धुऊन उत्तर लिहिलं. तीस मुद्दे करतो. एकतिसावा आता दुरुस्त होत नाई.

पाच मिनिटात त्याचं उत्तर आलं. भाऊ, काही घाई नाही, सावकाश करा.