खस्ता खाणे

प्रिय ताई,

शब्दकोशाच्या कचेरीत आज माझ्या टेबलावर ‘खस्ता खाणे’ आलं. अर्थ सोपा होता: दुसऱ्यासाठी हालअपेष्टा सोसणे. मूळ शब्द फारसी, ‘खस्ता’ म्हणजे जखमी, थकलेला. उदाहरण म्हणून मी लिहिलं, ‘आईवडिलांनी मुलांसाठी खस्ता खाल्ल्या.’

संपादकांनी ते वाचून सहज विचारलं, “तुमच्या घरी कुणी खाल्ल्या?”

“मोठ्या बहिणीने,” मी म्हणालो. “आईवडील गेल्यावर लॉन्ड्रीत इस्त्री करून तिने मला शिकवलं. वाफेने तिचे हात कोपरापर्यंत भाजलेले असायचे.”

“मग तसंच लिहा की!”

मी मान डोलावली. पुढचं मात्र त्यांना सांगितलं नाही. माझ्या पदवीदानाला तू लॉन्ड्रीतून थेट आलीस, तेव्हा एका मित्राने विचारलं, “या कोण रे?” आणि मी म्हणालो, “आमच्याकडे कामाला असतात.” तू माझ्या मागेच उभी होतीस. तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि दोन पावलं मागून चालू लागलीस.

याला एकोणीस वर्षं झाली. तू कधी विषय काढला नाहीस आणि माझी जीभ रेटली नाही.

वाक्य मी बदललंय. आता तिथे आईवडिलांच्या जागी बहीण आहे.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचलंस की तू लगेच माफ करून मोकळी होशील आणि तुझ्यासमोर उभं राहून सांगण्यातून मी सुटेन. रविवारी घरी येतोय.

तुझा धाकटा भाऊ