मोंबासाचं घर आणि धसईचं छप्पर

अहो,

आज दुपारी घर शाकारून झालं! शेवटचं कौल बसलं, मी हात धुतले आणि थेट तुमची ट्रंक उघडली. तळाशी एक कोरं हवाई पत्र उरलं होतं. नैरोबीला इतकी लिहिली, म्हटलं आणखी एक लिहावं. ही बातमी तुम्हाला सांगितल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही. भांडण आपण दोघांनी केलं होतं, मग निकाल मी एकटीनेच कसा ठेवून घेऊ?

आठवतंय ना ते भांडण? नैरोबीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होऊन तुम्हाला बारा वर्षं होत आली होती. तीन वर्षांतून एकदा घरी यायची लांब सुट्टी, त्यातलेही कितीतरी दिवस आगबोटीत. आणि एके दिवशी तुमचं पत्र आलं. मोंबासाला समुद्राजवळ दोन खोल्यांचं घर विकायला आहे, घेऊन टाकू. गावी यायला न पुरणारी छोटी सुट्टी दरवर्षी मिळते, तेव्हा मी तिथे जाईन, तू सुमनला घेऊन ये. दारात नारळ आहेत, आपण नसू तेव्हा भाड्याने देता येईल. सोबत फोटोही! किती हौशी हो तुम्ही!

मी चौथी शिकलेली, पण उत्तराला कधी कमी पडले का? लिहिलं, दरवर्षी समुद्र ओलांडायचा म्हणजे काय धसईच्या बाजाराला जायचंय? आजारी पडलो तर उशाशी कोण बसेल? आणि मुख्य म्हणजे, ते रिकामं घर वैशाखात शाकारणार कोण? महिन्याने तुमचं उत्तर आलं, "वेडे, तिथे पत्र्याचं छप्पर आहे. शाकारावं लागतच नाही." झालं! सुमनसुद्धा हसली, लेक माझी असून. तो राग मी तुमच्या पुढच्या सुट्टीपर्यंत जपून ठेवला.

तुम्ही आलात तेच ऐन वैशाखात, माझा होकार घ्यायचाच असं ठरवून. दुसऱ्याच दिवशी आपली शाकारणी होती. वाडीतल्या अकराही घरची माणसं सकाळीच अंगणात हजर. पुरुष शिड्या लावून वर चढले, बायका उतरवलेली कौलं झाडायला बसल्या. तुम्हीही मोठ्या रुबाबात चढलात आणि तिसऱ्या पावलाला चार कौलं फोडलीत. सगळे हसले, तुम्हीही हसलात. इथवर ठीक होतं.

काम संपलं आणि तुम्ही पाकीट काढून एकेकाला मजुरी द्यायला लागलात! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. वाडीतले सगळ्यांत वडील धाकूदादा. त्यांनी हात मागे घेतला.

"आमी काय मजुरीला आलो का रे? सावड हाय ही. आज आमी तुज्याकडं, उद्या तुमी आमच्याकडं."

"पण दादा, मी तर कधी कोणाकडं आलो नाय."

"तू नाय आलास, ही आली. इतकी वरसं आमची कौलं झाडते, भाताच्या आवणीला आमच्या चिखलात उभी ऱ्हाते. तुजं घर हिच्या हातांवर उभं हाय."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. अहो, अंतरपाट सरला तेव्हाही असं पाहिलं नव्हतंत!

जेवताना हळूच विचारलंत, "भागे, मोंबासाला सावडीला कोण येईल गो?"

मी म्हटलं, "पत्र्याला सावड लागत नाय ना!"

जपलेला राग असा कामी आला. मग त्या महिन्यात तुम्ही अकराही घरांच्या छपरांवर चढलात. तळहाताला फोड आले, आणि मोंबासाचा फोटो ट्रंकेत गेला. सुट्टीचं घर परदेशात हवं होतं ना तुम्हाला? नैरोबीहून पाहिलं तर धसई काय कमी परदेश होती?

जिंकले खरी. पण एक सांगू? तो फोटो मी कितीदा चोरून पाहिलाय. सुमनच्या सगळ्या लहानपणात तिचे बाबा तिला चार सुट्ट्यांपुरते मिळाले. ते घर घेतलं असतं तर दरवर्षी मिळाले असते. ही तुमची बाजू मी तेव्हा कबूल केली नाही, आज करते. का नाही हो थोडा जास्त हट्ट केलात?

तिकडे स्वराज्य आलं आणि तुम्ही कायमचे घरी आलात. आणि पुरती तीन वर्षंही राहिला नाहीत! इतकी कसली घाई होती जायची?

यंदा मी कोणालाच बोलावलं नव्हतं. गुडघा धरलाय, आवणीला उभी कशी राहणार? जे फेडता येणार नाही ते घ्यायचं कसं? सुमन मुरबाडहून एसटीने आली, म्हणाली, "आई, कुलूप लाव आणि माझ्याकडे चल." मी फडताळातून कुलूप काढूनही ठेवलं होतं.

आणि आज सकाळी अंगणात शिडी टेकल्याचा आवाज! काठी टेकत धाकूदादा, आणि मागे सगळी वाडी.

"दादा, माज्याच्यानं आता फेडणं व्हायचं नाय."

"कोण मागतो गो? तो परत आल्यापासून दरसाल आमच्या छपरांवर चढला. कौलं फोडली, पण चढला. अजून तुमचंच आमच्याकडं ऱ्हायलंय."

मी पदर तोंडाला लावला आणि भरपूर रडले. मग चहाचं आधण ठेवलं. दुपारपर्यंत छप्पर नवं! जिंकलो हो आपण! मी एकटी नाही, आपण दोघं. सुमन संध्याकाळच्या एसटीने परत जातेय. कुलूप तिलाच देऊन टाकलं.

उद्या धाकूदादांची शाकारणी आहे. गुडघा दुखला तर दुखू दे, बसून कौलं झाडता येतात. हात चालतील तोवर दर वैशाखात जाईन, हा शब्द देते. आणि तुमच्या वाटणीची चार कौलं मी स्वतः वर देईन. न फोडता!

तुमची,
भागी