गुंडाची मेंढरं

ऋतुजाच्या आज्यास, सोलापुरातून केराबाईचा पाया पडून नमस्कार.

मी खुशाल हाय. तुमचा गुडगा कसा हाय? पोरीचं नाव नर्सिंगला लागलं! लई आनंद झाला.

पण मला लाज बी लई वाटती. फी भरणाऱ्या संस्थेच्या बाईंनी घरचं इचारलं. सोयरिकीला इचारत्यात तसंच वाटलं मला. पोरीला कमीपणा नको म्हणून बोलले, "दीडशे मेंढरं हायती की आमची!"

बाई म्हणाल्या, "मग मदत कशाला, आजी?"

ऋतुजानं मान खाली घातली. मग मी सगळ्यांदेखत सांगितलं, मेंढरं माझ्या भावाची, गुंडाची. खतासाठी आमच्या रानात बसलीत. आमची शेरडं दोनच.

आता बाई सोमवारी घर बघणार, मगच फीचं ठरणार. गुंडाला म्हणावं, मेंढरांजवळ तूच उभा ऱ्हा आन् माझी हायती म्हणून तूच सांग. हसंल तो मला. हसू दे.

तुमी बढाई मारू नका, तुमचं तोंड मला ठावं हाय. शेरडांना पाणी दावता न्हवं?

पटका मात्र नवा बांधा. तेवढा आपलाच हाय.

ऋतुजाची आजी,
केराबाई